तिसरा सूचक

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. विचारणारे अधूनमधून विचारत राहिले. कुणी थट्टेने, कुणी खरंच कळावं म्हणून. माझ्या धाकटीने एकदा जेवताना विचारलं, तेव्हा मी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. आता मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे आणि ज्यांच्याविषयी सांगायचं त्या राहिलेल्या नाहीत. त्या असतानाच सांगायला हवं होतं, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून ठेवतो.

त्या भेटल्या की नमस्कार करत नसत. डाव्या हाताचा अंगठा तुमच्या डोळ्याखाली ठेवायच्या, पापणी खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "वर बघा." तुम्ही आभाळाकडे बघत उभे. मग निकाल यायचा. "रक्त नाही अंगात. पालेभाजी खा." नाहीतर, "ठीक आहे. चला." बाजारात, जेट्टीवर, कुणाच्या बारशाला, कुठेही. एकदा एक मोठे पुढारी आमच्या आरोग्य केंद्राची पाहणी करायला आले. हात जोडून ते सिस्टरांपुढे उभे राहिले आणि सिस्टरांनी त्यांचीही पापणी ओढली. बरोबरचे लोक गडबडले. सिस्टर म्हणाल्या, "रात्रीची जागरणं कमी करा, साहेब." ते हसले, पण गाडीत बसेपर्यंत डोळा चोळत होते.

गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणत. नाव होतं, आडनाव होतं, पण ते मी इथे लिहीत नाही. त्यांच्या नावाचा एक कागद एकदा माझ्या हातून गेला, तेवढा पुरे झाला.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. एका अंगाला जेट्टी, दुसऱ्या अंगाला वाळू आणि मध्ये नगरपरिषदेची दुमजली इमारत. सिस्टर घाटावरून बदली होऊन इथे आल्या, तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पहिले सहा महिने सुक्या मासळीच्या वासाने नाकाला पदर लावून फिरायच्या. पुढे शेजारीण बोंबील भाजायला लागली की खिडकीतून सांगायच्या, "अजून जरा करपू दे गं." नवरा लवकर गेला. एक मुलगी होती, ती माझ्याच शाळेत शिकली.

माझी धाकटी जन्मली तेव्हा आरोग्य केंद्रातले डॉक्टर रजेवर होते. सिस्टरांनीच बाळंतपण केलं. बाहेर आल्या, हात पुसत मला म्हणाल्या, "मुलगी आहे. चेहरा पाडायचा असेल तर इथे पाडून घ्या, सर. आत हसत जायचं." मला चेहरा पाडायचा नव्हता, तरी मी दचकलो. मी त्या वेळी गावातला सुधारक माणूस समजला जात होतो.

हे सुधारकपणाचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. मी शाळेचा मुख्याध्यापक होतो. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभा राहून मी मुलांना सांगायचो की मत हे आपल्या बुद्धीने द्यायचं असतं. जात, गावकी, नातं यांना मतपेटीच्या आत जागा नाही. वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचो. पाठीमागे बसलेले गावकीचे लोक टाळ्या वाजवायचे. मग घरी कार्य निघालं की मीच पानसुपारी घेऊन गावकीकडे जायचो, कारण आमच्याकडे गावकी आल्याशिवाय मांडव उभा राहत नाही. मांडवाचे वासे गावकीचे, भात शिजवायचे टोप गावकीचे, वाढणारे हात गावकीचे. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भिडतील असं मला वाटलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं, माझी सही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही लागते. पहिलं अक्षर गोल, मग एक लाट आणि शेवटी समासापर्यंत जाणारी लांब शेपटी. गावातल्या अर्ध्या घरांत, पत्र्याच्या पेटीत नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत, ती सही जपून ठेवलेली आहे. मुलं तिची नक्कल करायची, पण शेपटीशी त्यांचा हात अडखळायचा आणि मी त्यांना पकडायचो.

सिस्टर निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी गावात काविळीची साथ आली. दोन माणसं गेली, त्यातली एक पाच महिन्यांची गरोदर होती. सिस्टर घरोघर फिरल्या. पोलिओच्या एका जुन्या पोस्टरच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि जिथे कावीळ होती त्या घरांवर पिवळ्या खडूने ठिपके दिले. ठिपके एका रेषेत आले. ती रेषा बाजारामागच्या गटाराची होती. नगरपरिषदेची नळाची पाइप त्या गटारातून जात होती आणि ती जागोजागी फुटलेली होती.

त्यांनी अर्ज दिले. 'पाहणी करण्यात येईल' असं उत्तर आलं. पुन्हा अर्ज दिले. तेच उत्तर आलं, फक्त सही वेगळी. त्या वर्षी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता आणि पद महिलांसाठी राखीव निघालं. सिस्टर एके सकाळी आमच्या ओटीवर आल्या, आमच्या हिची पापणी ओढून पाहिली, चहा घेतला आणि म्हणाल्या, "सर, मी उभी राहते."

"कुठे?"

"नगराध्यक्षाला. पाइप गटारातून काढायची आहे. बाकी मला काही नको. काढून झाली की राजीनामा देईन."

"असं सांगायचं नसतं हो लोकांना."

"का? खोटं आहे?"

मला फार आनंद झाला होता, ते कबूल करतो. इतकी वर्षं मी ज्या मतदाराची भाषणं केली, त्या मतदाराला अखेर मत द्यायला माणूस मिळाला होता. मी त्यांचं पत्रक लिहायला घेतलं. 'लोकशाही मूल्यांची जपणूक, पारदर्शक कारभार आणि मूलभूत नागरी सुविधा' अशी सुरुवात केली. सिस्टरांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं आणि सगळं खोडलं. खाली लिहिलं, 'आपण गटाराचं पाणी पितो.'

"हे फार उघडं वाटतं," मी म्हणालो.

"पाणीच उघडं आहे, सर."

अर्ज भरायच्या आधी महिनाभर त्या फिरल्या. बरोबर झेंडा नाही, गाणी नाहीत, रिक्षावर भोंगा नाही. सलाइनच्या काचेच्या जुन्या बाटलीत सकाळच्या नळाचं पाणी भरून घ्यायच्या आणि ज्या घरी जातील तिथे ओटीवर बाटली ठेवायच्या. पाणी निवळेपर्यंत गप्पा. तळाशी गाळ बसला की बाटली उचलायच्या आणि पुढच्या घरी. कोळीवाड्यात, मोहल्ल्यात, आमच्या आळीत, सगळीकडे बायका बाटलीभोवती बसलेल्या मी पाहिल्या. तुम्ही प्रचार पुष्कळ पाहिले असतील. उमेदवार गप्प बसून बाटलीकडे बघतो आणि मतदारही बघतो, असा प्रचार मी पुन्हा पाहिला नाही.

गावकीने नानांच्या सुनेला उभं केलं होतं. नाना म्हणजे गावकीचे प्रमुख. फलकावर सुनेचा फोटो पासपोर्टएवढा आणि नानांचा दरवाजाएवढा. ती मुलगी माझीच विद्यार्थिनी, अबोल, कुणी बोलायला सांगितलं की घाम फुटणारी. एकदा बाजारात दोन्ही प्रचार समोरासमोर आले. नानांची माणसं घोषणा द्यायला लागली. सिस्टर सरळ गर्दीत शिरल्या आणि तिच्या डोळ्याखाली अंगठा ठेवला.

"वर बघ."

तिने बघितलं.

"कागदासारखी पांढरी आहेस गं. लोहाच्या गोळ्या घे आधी, मग पाड मला निवडणुकीत."

बायका खदाखदा हसल्या. ती सूनही हसली. दुसऱ्या दिवशी तिने कुणाच्या तरी हाती सिस्टरांकडून गोळ्या मागवल्या आणि सिस्टरांनी त्या पाठवल्या. नानांना ते हसणं झोंबलं. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कळलं की ही बाई निवडून येऊ शकते.

अपक्ष उमेदवाराला पाच सूचक लागतात. पाच मतदारांनी अर्जावर सही करून सांगायचं, की या व्यक्तीचं नाव आम्ही सुचवतो. चार असले तर अर्ज बाद. मला पहिला सूचक व्हायचं होतं. मी पोचलो तेव्हा मासळी विकणारी एक म्हातारी आणि एक रिक्षावाला सह्या करून बसले होते.

"पहिली जागा मला ठेवायची होती," मी हसत म्हणालो.

"आधी आला तो आधी," सिस्टर म्हणाल्या. "आरोग्य केंद्रात कधी नंबर मोडू दिला नाही, आता काय मोडू?"

मी तिसऱ्या रकान्यात सही केली. लाट काढली, शेपटी ओढली. माझ्या मागे मोहल्ल्यातल्या शिंप्याने आणि एका निवृत्त पोस्टमनने केली. अर्ज शेवटच्या दिवशी दाखल झाला. छाननी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

अर्ज भरला त्याच दुपारी नाना माझ्याकडे आले. बरोबर दोघे. ओटीवर बसले, पाणी मागितलं. धाकटीने तांब्या आणून दिला. तिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. उशिरा झालेली पोर, आणि आधीचं एक जमलेलं मोडलं होतं.

"मास्तर, पोरीचा लगीन कवा हाय?"

"पुढच्या महिन्यात. तुम्हाला पानसुपारी दिलीय की."

"दिलीय, दिलीय. मी कवा म्हनला न्हाय दिली?" नाना पाणी प्यायले. "पावने पेनचे ना? मोठी मानसा. त्यांना मांडवान मानसा दिसाया पायजेत."

मला सगळं कळलं. मी ताठ बसलो. म्हणालो, "नाना, वाळीत टाकणं आता गुन्हा आहे. कायदा झालाय."

नानांच्या तोंडावर खरोखरच दुखावल्याचा भाव आला. "वालीत? कोन टाकतो वालीत? आमी कोनाला वालीत टाकीत न्हाय, मास्तर. आमी फकस्त येत न्हाय. न येन्याचा कायदा झालाय का?"

नानांनी रिकामा तांब्या धाकटीकडे दिला.

"एकदा मोडलाय ना पोरीचा?"

धाकटी रिकामा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला नाही, कशाचाच आला नाही.

नानांनी बरोबरच्या माणसाला खूण केली. त्याने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. 'सदर नामनिर्देशनपत्रावर सूचक क्रमांक तीन म्हणून असलेली सही माझी नाही.' गाडीत वकील शिक्का घेऊन बसला होता. सगळी तयारी झालेली होती. मी नाही म्हणेन असं त्यांना एकदाही वाटलेलं नव्हतं, आणि हे मला आजही कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागतं.

"मास्तर, तुमचा काय जातो?" नाना अगदी मायेने म्हणाले. "बाई घाटावरची. आज हाय, उद्या लेकीकडं जाईल. तुमाला हितं मरायचा हाय. खांदा द्याया मानसा लागतील ना?"

आता जे झालं ते नीट लिहितो. मी पेन हातात घेतलं आणि माझ्या लक्षात आलं, की 'ही सही माझी नाही' असं सांगणाऱ्या कागदावरही सही करायची आहे. नेहमीची केली तर दोन्ही सारख्या दिसणार. म्हणून मी वेगळी सही केली. बारीक, उभी, शेपटीशिवाय. चौतीस वर्षं मी पोरांच्या खोट्या सह्या पकडल्या. आयुष्यात एकच खोटी सही केली, ती माझ्या स्वतःच्या नावाची.

नानांनी कागदावर फुंकर मारली. "जेवाया बोलवा हां लगनाला," म्हणाले.

छाननी नगरपरिषदेच्या वरच्या सभागृहात होती. निवडणूक अधिकारी बाहेरगावचे, तरुण, सभ्य. सिस्टर पहिल्या रांगेत मुलीशेजारी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी काढून घेतली, मला जागा म्हणून. मी मागे उभा राहिलो.

हरकत वाचून दाखवली गेली. अधिकाऱ्यांनी मला पुढे बोलावलं. टेबलावर दोन कागद ठेवले, आधी सिस्टरांचा अर्ज आणि मग माझं प्रतिज्ञापत्र.

"यातली तुमची सही कुठली?"

सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील. निम्म्यांना मी शिकवलेलं. त्यांच्या घरी दाखले होते. माझी सही कशी असते हे त्या खोलीत फक्त एकाच माणसाला माहीत नव्हतं, आणि विचारत तोच होता. मी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"आणि ही?"

"माझी नाही."

कुणीतरी मागे खाकरलं. बाकी काही नाही. नानांची सून खाली मान घालून नखं बघत होती.

सिस्टरांची मुलगी उठली. "आई, माझा दाखला घरी आहे. सरांची सही आहे त्याच्यावर. दहा मिनिटांत आणते."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "कसला दाखला?"

"बस खाली," सिस्टर म्हणाल्या.

"अगं पण..."

"बस म्हणलं ना."

मग त्या उठल्या. मला वाटलं, टेबलाकडे जातील. त्या माझ्याकडे आल्या. माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. अर्धं मिनिट.

"साहेब, यांना आधी बसायला द्या. नाडी एकशे वीस चालली आहे."

खुर्ची आली. मी बसलो. अधिकारी म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं काय? सही खोटी आहे हे मान्य करता?"

"मी काही मान्य करत नाही. चार सूचक उरले ना? नियम सांगतो ते लिहा."

त्यांनी लिहिलं. अर्ज नामंजूर. सिस्टरांनी सलाइनची बाटली पिशवीत घातली, आणि मुलीचा हात धरून जिना उतरल्या.

त्यांनी मुलीला का बसवलं, हे मला कधी विचारता आलं नाही. दाखला आला असता तर खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल मी आत गेलो असतो, हे त्यांना कळत होतं. माझ्या घरी लग्न आहे हेही त्यांना माहीत होतं. आणखी काय होतं त्यांच्या मनात, मी सांगू शकत नाही. मी त्याची गोड कारणं शोधत बसलो तर तोही एक खोटेपणा होईल.

प्रचार पुढे रीतसर झाला. भोंगे आले, फटाके आले, रिसॉर्टवर मटणाच्या पंगती उठल्या. किनाऱ्यावर सेल्फी पॉइंट होणार, असं नानांची माणसं आणि दुसऱ्या एका पक्षाची माणसं, दोघंही सांगत होती. एक म्हणे हृदयाच्या आकाराचा, दुसरा म्हणे डॉल्फिनच्या. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. मी ओटीवर बसून ऐकायचो. आधी मला वाटायचं, की लोकांना विचार करता येत नाही म्हणून लोकशाहीचं असं होतं. त्या दिवसांत कळलं, की लोकांना उत्तम विचार करता येतो. मलाही आला होता. लग्न, मांडव, पाहुणे, खांदा, सगळ्याचा नीट विचार करूनच मी बोट ठेवलं होतं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो. यंत्रावर 'यांपैकी कोणीही नाही' असं बटण होतं. ते दाबावं असं ठरवून गेलो होतो; तेवढाच उरलासुरला स्वाभिमान. पण आमच्या केंद्रावर मतं थोडी, आणि केंद्रानुसार मोजणी होते. असं बटण कुणी दाबलं हे नाना बरोबर ओळखतील, असं मला वाटलं. मी त्यांच्या सुनेला मत दिलं. बाहेर आलो. आयुष्यभर ज्या मतदाराची मी भाषणं केली, त्याच्या बोटाला शाई लागलेली होती.

लग्न थाटात झालं. गावकी झाडून आली. टोप आले, वासे आले, पेणचे पाहुणे खूश झाले. नाना स्वतः पंगतीत भात वाढत फिरत होते. जिच्या हातांवर माझी मुलगी जन्मली, त्या बाईंना मी पत्रिका दिली नाही. धाकटीने सासरी जाताना विचारलं, "सिस्टर नाही आल्या?" मी म्हणालो, "बरं नसेल त्यांना."

सिस्टरांना पोलीस ठाण्यात दोनदा बोलावलं. खोट्या सहीची तक्रार होती. दोन्ही वेळा त्या बाकावर तासन्‌तास बसल्या, माझ्याविरुद्ध काही बोलल्या नाहीत, आणि निवडणूक संपल्यावर कुणाला त्या तक्रारीची गरज उरली नाही. पण शब्द उरला. 'खोट्या सहीची सिस्टर.' सही खरी होती हे ज्यांना माहीत होतं, तेही तसं म्हणायचे. ते म्हटलं की आपण गप्प बसलो त्याचं काही वाटत नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीला त्यांना बोलावणं बंद झालं. बाजारात त्या आता कुणाच्या डोळ्याला हात लावत नसत. हात उचलायच्या आणि पदर सारखा करायच्या.

पुढच्या वर्षी पुन्हा कावीळ आली. या खेपेस आमच्या घरात. हिचे डोळे पिवळे झाले आणि तिसऱ्या दिवशी दारात सिस्टर उभ्या. कुणी सांगितलं ते कळलं नाही. चपला काढल्या, आत गेल्या, हिच्या डोळ्याखाली अंगठा ठेवला. "वर बघा, वहिनी." सोळा दिवस त्या रोज आल्या. माझ्याशी बोलायच्या ते एवढंच: पाणी उकळलं का, किती वेळ उकळलं, तेल घातलं नाही ना.

एकदा त्या निघताना मी दारापर्यंत गेलो. म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी..."

त्या थांबल्या. चपलेत पाय अर्धा घातलेला. थांबल्या, हे मला नीट आठवतं. त्यांनी मला अडवलं नाही, तोडलं नाही. वाट बघत उभ्या राहिल्या. समोरून नानांचा पुतण्या मोटरसायकलवरून जात होता. त्याने हॉर्न वाजवून मला रामराम केला.

"वीस मिनिटं उकळायचं ना पाणी?" मी म्हणालो.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "वीस."

ही बरी झाली. तिने विचारलं, "बोललात का त्यांच्याशी?" मी म्हणालो, हो. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. आता तीही नाही.

नाना म्हणाले होते तसंच झालं. सिस्टर लेकीकडे पनवेलला गेल्या. घर विकलं, तिथे आता होमस्टे आहे. पाइप अजून गटारातच आहे.

सिस्टर गेल्याचं मला माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर कळलं. हात जोडलेली चित्रं पटापट येत गेली, मीही एक पाठवलं. त्याच्या दोन महिने आधी मी पनवेलला गेलो होतो, हे कुणाला माहीत नाही. ते सांगून थांबतो.

सकाळच्या एसटीने गेलो. त्यांना डायलिसिस सुरू झालंय असं ऐकलं होतं. वाटेत वाक्य तयार केलं, शाळेत भाषण तयार करायचो तसं. मोठमोठे शब्द आले, ते एकेक काढून टाकले. शेवटी एवढंच उरलं: सिस्टर, ती सही माझी होती, मी भ्यालो, मला क्षमा करा. इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते वाक्य मी पायरीपायरीला घोकत गेलो.

मुलीने दार उघडलं. तिने मला लगेच ओळखलं. आत या म्हणाली नाही, पण पाणी आणून दिलं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यालो.

"आई आत झोपलीय," ती म्हणाली. "आज डायलिसिस होतं. आल्यावर झोपते. उठवू?"

"नको, नको."

"उठेल ती. तुम्ही आलात म्हटल्यावर उठेल."

"नको. राहू दे."

आतल्या खोलीत पंखा चालू होता. कुणीतरी खोकलं. ती झोपेतली खोकण्याची तऱ्हा नव्हती.

"काही निरोप देऊ?"

"सांग, सर येऊन गेले."

"एवढंच?"

तिच्या दाखल्यावर माझी सही आहे. ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"एवढंच," मी म्हणालो.

दार लागलं. मी एक मजला उतरलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. मग ते वाक्य तोंडातून बाहेर आलं, चांगलं मोठ्याने, भाषणात निघायचं तसं. "सिस्टर, ती सही माझी होती. मी भ्यालो. मला क्षमा करा."

खालून भाजीची पिशवी घेऊन एक बाई चढत येत होत्या. त्या थबकल्या.

"काय म्हणालात, काका?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि त्यांना वाट द्यायला भिंतीला लागून उभा राहिलो.